निळ्या पट्टीचा सूट घालू नका

दीक्षा खंडारेने फवारणीचे कपडे शिवायला घेतले, तेव्हा अमरावतीत अनेकांनी तिला वेड्यात काढलं होतं. कपाशीवर औषध मारणारा माणूस फाटका शर्ट घालतो, तोंडाला दुपट्टा गुंडाळतो आणि पंप पाठीवर घेऊन पिकाच्या ओळींत उतरतो. तो कशाला पैसे मोजून सूट घेईल? म्हणणारे काही खोटं बोलत नव्हते. प्लास्टिकचे सूट लोकांनी आणून पाहिले होते. ऑगस्टच्या उकाड्यात आतला माणूस शिजून निघायचा, आणि मग तो सूट गोठ्यातल्या खुंटीवर जायचा तो कायमचा.

दीक्षाने पुण्याच्या एका कपड्यांच्या कारखान्यात काही वर्षं काढली होती. माणसाचं अंग कापडात कुठे घामेजतं, कुठे ओढलं जातं, हे ती डोळे मिटून सांगू शकत होती. तिने सुती कापडावर पातळ लेप असलेला माल शोधला, काखेत आणि पाठीवर हवा खेळेल अशी दुहेरी झालर लावली, शिवणीवर आतून पट्टी चिकटवली. पहिले सूट आईच्या मशीनवर शिवले आणि पिशवीत भरून गावोगाव नेले. लोकांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग सुटाकडे. काहींनी उधारीवर नेला. पुढच्या हंगामात तेच लोक भावासाठी, साळ्यासाठी मागायला आले.

आता बडनेरा रोडवर तिचं भाड्याचं शेड होतं. वीसेक बाया मशीनवर बसत. प्रणाली नावाची मुलगी त्यांचं काम पाही आणि फोनही तीच घेई. प्रत्येक सुटाच्या कॉलरच्या आत शेडचा नंबर छापलेला असे. त्यामुळे दिवसभर कोणी ना कोणी विचारायचं, "ताई, हा गरम पान्यानं धुवाव का?" प्रणाली तितक्याच निवांतपणे सांगायची, "नाही जी, थंड्यानं. अन् घरच्या कपड्यात टाकू नका."

धंदा वाढला तशी अडचणही वाढली. कापड उन्हाळ्यात रोखीने घ्यावं लागे आणि दुकानदारांचे पैसे यायचे दिवाळीनंतर, कापूस विकला की. मधले महिने दीक्षा आणि तिचा धाकटा भाऊ अश्विन कसेबसे ढकलत. अश्विन पाटबंधारे खात्यात नोकरीला होता आणि संध्याकाळी शेडचे हिशेब बघायचा. "ताई," तो म्हणायचा, "आपला धंदा मोठा होऊन राहिला अन् आपुन बारीक होऊन राहिलो."

म्हणून अकोल्याच्या केशवरावांकडून निरोप आला, तेव्हा दोघांनाही बरं वाटलं. केशवरावांची बियाणं आणि औषधांची दुकानं अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरली होती. कधीकाळी याच बाजारात पाठीवर पोती वाहिलेला हा माणूस, बोलायला मोकळा, चहा पाजल्याशिवाय कोणाला सोडत नसे. त्यांनी भांडवल देऊ केलं, बदल्यात धंद्यात हिस्सा मागितला. नवं शेड, नव्या मशिनी, सगळ्या दुकानांत तिचे सूट. बोलणी त्यांचा मुलगा पियुष करत होता. तो बाहेर शिकून आला होता आणि कसं बोलायचं, कोणाशी बोलायचं, याचा त्याला फार सोस होता.

"कॉलरमधला नंबर काढून टाकू," तो म्हणाला. "लोकांनी थेट कारखान्यात फोन करणं बरं दिसत नाही. आपण एक मोफत नंबर घेऊ. मराठीसाठी एक दाबा, तसं. आणि प्रणालीताई छान आहेत, पण त्यांची भाषा जरा…"



"पाकिटावरच्या नावाचंही पाहू," केशवराव मध्येच म्हणाले, आवाज मऊ करून. "दीक्षा नाव चांगलंच आहे बेटा. पन दुकानात मानूस पाकीट हातात घेते अन् विचारते, कोनाचं आहे. गावची गोष्ट तुले मी काय सांगू. धंद्याले सारेच गिऱ्हाईक पायजे."

हे तिला सांगायची खरोखरच गरज नव्हती. नावावरून माणूस ओळखायचा आणि मग हात मागे घ्यायचा, हे ती शाळेत असल्यापासून बघत आली होती. तरी त्या दिवशी ती हो म्हणाली. परत येताना मूर्तिजापूरजवळ अश्विनने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "बाबांनी हौसेनं ठेवलं होतं नाव."

"नाव माह्याजवळच राहते," दीक्षा म्हणाली. "पाकिटावर काही का लिहीनात. धंदा तर उभा राहू दे."

पण ते तिला रात्रंदिवस टोचत राहिलं.

केशवरावांच्या दुकानांसाठी जुलैत बराच माल द्यायचा होता. नेहमीच्या व्यापाऱ्याकडे तेवढं कापड नव्हतं, म्हणून दीक्षाने दुसरीकडून मागवलं. नमुना तपासला, पाणी ओतून पाहिलं. पाणी घरंगळून गेलं. त्याच दिवसांत कॉलरच्या आत नेहमी लावायची हिरवी पट्टी संपली, म्हणून निळी लावली. सहाशेच्या आसपास सूट बाहेर पडले. करारावर सही करायचा सोमवारही ठरला.

त्याआधीच्या गुरुवारी प्रणालीने फोन कानाला लावला आणि तिचा चेहरा उतरला. तिने फोन दीक्षापुढे धरला. "ताई, हे तुमीच बोला."

अंजनगाव सुर्जीजवळचे नत्थुजी बोलत होते. "तुमचा सूट घालून माहा लहाना भाऊ फवारून राहिला होता. बंडू. सुटातून पाठ पुरी ओली झाली त्याची. दुपारपासून उलट्या. दवाखान्यात आनलं आहे. डॉक्टर म्हनते, कातडीतून औषध आत गेलं."

"भाऊ, तो सूट धुऊ नका, फेकू नका," दीक्षा म्हणाली. "मी येऊन राहिली."

तिने मिळेल ती एसटी पकडली. बंडू सलाईन लावून पडला होता, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, कपाळावर घाम. जिवावरचं टळलं होतं, पण तो अजून थरथरत होता. नत्थुजी पन्नाशीचा, काटक माणूस. तिला वाटलं होतं तो ओरडेल. त्याने फक्त गाठ मारलेली पिशवी तिच्या हातात दिली.

"एक सांगू का मॅडम," तो म्हणाला. "सूट नव्हता तवा हा भेत भेत मारे. वारा फिरला की थांबे. तुमच्या सुटाच्या भरोशावर हा वाऱ्याकडे तोंड करून मारत होता."

येताना एसटीच्या खिडकीतून हिरव्यागार कपाशीची वावरं मागे पळत होती आणि जिथे तिथे पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसत होती. याआधी असं कोणी तिचा सूट घातलेलं दिसलं की तिला भरून येई. आज मात्र तिने खिडकी लावून घेतली.

शुक्रवारी शेड उघडल्या उघडल्या तिने जुलैच्या कापडाचा तुकडा चारदा धुतला, वाळवला, चुरगाळून पसरला आणि खाली पांढरा कागद ठेवून वरून जिलबीत घालतात तो केशरी रंग पाण्यात कालवून ओतला. बाया मशीन थांबवून भोवती गोळा झाल्या. पहिल्या क्षणी काही झालं नाही. मग घड्यांच्या रेषांवर कागद केशरी होत गेला, एखाद्या झाडाच्या फांद्या फुटाव्यात तसा. लेप घडीवर फाटत होता. कोऱ्या कापडावर पाणी ओतून पाहणाऱ्या कोणालाच ते कळलं नसतं. पण माणूस सूट कोरा घालत नाही. तो धुतो, पिळतो, दोरीवर टाकतो. हे आपल्याला सुचायला हवं होतं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी अश्विन आला. त्याने कागद उचलून उजेडात धरला.

"सोमवारी सही आहे," तो म्हणाला. "मंगयवारी सांगितलं तर?"

"मधात इतवार आहे, अश्विन. इतवारी मजूर भेटते. सारा गाव फवारते."

"मग आता काय करतं?"

"उद्या केशवरावले तोंडावर सांगते. त्यांच्या दुकानातून माल गेला आहे, त्यायले दुसऱ्याकडून कळायले नको."

शनिवारी सकाळी दोघं अकोल्याला पोचली. केशवरावांनी कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. त्यांना गोष्ट लगेच उमगली. या माणसाने आयुष्य औषधात काढलं होतं.

"मानूस कसा आहे?"

"बरा होईन म्हनते डॉक्टर."

"चांगलं झालं." त्यांनी चहा मागवला. "आता हे पाह्य बेटा. ज्याची तक्रार येईन, त्याचा सूट बदलून द्यायचा. गपचूप. दुकानात शिल्लक असन तो माल मी आजच उचलतो. पन गावभर डफडं वाजवायचं नाही. हंगाम जाऊ दे."

"ज्याची तक्रार येईन तो दवाखान्यातून करीन, काका."

पियुषने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. त्याने तेवढ्यात मजकूर तयार केला होता. 'काही निवडक उत्पादनांच्या दर्जात सुधारणा करण्यात येत असून ग्राहकांनी आपल्या सोयीने नजीकच्या विक्रेत्याशी संपर्क साधावा.'

दीक्षाने तो दोनदा वाचला. "हे वाचून नत्थुजी आपल्या भावाच्या अंगातला सूट काढीन का?"

"तुम्ही समजून घ्या," पियुष म्हणाला. "घबराट पसरायला नको."

"दोन दिवस पसरूच दे. घबराटच पायजे."

केशवरावांनी हाताने मुलाला थांबवलं. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता. "माह्या दुकानात औषध विकते, दीक्षा. तू म्हनशीन सुटातून विष गेलं, लोक विचारतीन विष कोनाचं. तुह्यामागे मी ओढल्या जाईन. तुले धंदा करायचा आहे का समाजसेवा?"

"धंदाच करायचा आहे. औषध अंगाले लागनार नाही, हे सांगून मी पैसे घेते. ते लागून राहिलं. मग मी काय विकून राहिली?"

"तू हा बोभाटा केला तर सोमवारी येऊ नको."

चहा आला होता. दीक्षाने कपाकडे पाहिलं, मग उठली. "बरं. नाही येत."

"अन् दुसरा कोनी पैसे देनार नाही तुले. या बाजारात तरी नाही."

"ते पाहू, काका."

बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरांची, हातगाड्यांची गर्दी होती. ती अश्विनच्या गाडीत बसली, काचा वर केल्या.   मग तिने मोबाईल तोंडाशी धरला आणि बोलायला लागली, शेडमध्ये बोलायची तशी.

"मी दीक्षा खंडारे, बडनेरा रोड, अमरावती. फवारनीचे सूट मी शिवते. ज्याच्या सुटाच्या कॉलरमधात निळी पट्टी आहे, त्यानं तो सूट घालून फवारू नये. जुलैचा माल आहे. धुतला की त्याचा लेप फाटते अन् औषध अंगाले लागते. आपला एक भाऊ त्याच्यानंच दवाखान्यात आहे. कापड मी निवडलं होतं, चूक माही आहे. सूट परत आना, दुसरा देईन, नाही तर पैसे देईन. टाइम लागीन, पन देईन. हे गावच्या साऱ्या ग्रुपवर टाका. अन् ज्याच्याजवळ मोबाईल नाही, त्याच्या घरी जाऊन सांगा. उद्या इतवार आहे. आजच सांगा."

अश्विन स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होता. "नाव पुरं घेतलं तू," तो म्हणाला.

"मग कोनाचं घेऊ?"

तिने ते पाठवलं. मूर्तिजापूर यायच्या आधीच ते तिच्याकडे तिसऱ्याच कोणाकडून परत आलं होतं.

रविवारी शेडमधला फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. प्रणालीचा आवाज बसला, तेव्हा दीक्षा बसली. ती उठली, तेव्हा अश्विन. कोणी विचारायचं, निळी म्हणजे कोणती निळी, आकाशी का गडद? कोणी म्हणायचं, आता सांगता का, आठ दिवस झाले घालून. कोणी शिव्या द्यायचं. एकाने तो संदेश पुढे पाठवताना खाली तिच्या आडनावावरून चार घाण ओळी जोडल्या. अश्विन ते वाचून पोलिसांत निघाला होता. "जाऊ," दीक्षा म्हणाली, "तो नंबर जपून ठेव. पयले सूट येऊ दे."

आणि सूट आले. एसटीच्या टपावरून, दुधाच्या गाडीतून, मोटारसायकलच्या मागे बांधून. काहींना औषधाचा उग्र वास होता. बाया तोंडाला फडकं बांधून ते मोजत. पाच-सहा जणांना अंगावर खाज, मळमळ झाली होती, पण बंडूसारखं पुन्हा कोणाचं झालं नाही. बंडू आठवड्याने घरी गेला. दीक्षा दवाखान्याचा खर्च द्यायला गेली, तेव्हा नत्थुजीने तो घेतला. उपकार केल्यासारखा नाही, आणि नाकारून मोठेपणाही मिरवला नाही. "हा खर्च तुमच्याकडूनच निघते," तो म्हणाला. ते तिला आवडलं.

केशवरावांच्या दुकानांनी तिचे सगळे सूट परत पाठवले, हिरव्या पट्टीचे चांगले सूटसुद्धा. नव्या शेडसाठी थोडीथोडी बाजूला टाकलेली रक्कम बदलीच्या कापडात गेली. तिने बायांना बसवून सरळ सांगितलं, की दिवाळीपर्यंत मजुरी अर्धी आत्ता, अर्धी नंतर देता येईल. ज्यांना परवडत नाही त्यांनी जावं, राग नाही. तिघी गेल्या. राहिलेल्या बायांपैकी एकीने विचारलं, "नंतर म्हनजे नक्की?" दीक्षा म्हणाली, "नक्की म्हनजे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पन माह्या घरात पैसा यायच्या आधी तुमच्या घरात जाईन."

बँकेने कर्ज दिलं, मागितलं त्याच्या निम्म्याहून कमी. तेही अश्विनने जामीन राहायची सही केल्यावर.

ऑक्टोबरात नत्थुजीचा फोन आला. त्यांच्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती; पुढच्या हंगामाचं सामान एकत्र घ्यायचं ठरत होतं. "तुमचं नाव मी सुचवलं नाही," त्याने आधीच सांगून टाकलं. "लोकायनंच काढलं. पन सारे खुश नाहीत. येऊन तोंड द्या."

ती गेली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. तिने जुनं कापड आणि नवं कापड, दोन्ही धुऊन नेलं होतं, केशरी रंग नेला होता. टेबलावर सगळ्यांसमोर ओतला. जुन्याखालचा कागद रंगला, नव्याखालचा कोरा राहिला. तरी प्रश्न थांबले नाहीत. पुन्हा कापड बदललं तर? कळवणार कसं? नुकसान कोणाचं?

"प्रत्येक मालाची पट्टी वेगळ्या रंगाची राहीन," ती म्हणाली. "चारदा धुतल्याशिवाय एकही कापड मशीनवर चढनार नाही. अन् बिघडलं तर त्याच दिवशी माह्याच आवाजात कळीन, जसं आता कळलं. माहा अर्धा पैसा तुमच्याजवळ अडकून राहू द्या, हंगाम संपेपर्यंत."

पहिल्या रांगेतले महादेवराव, गावातला जुना वजनदार माणूस, एवढा वेळ मिशीवरून हात फिरवत ऐकत होते. ते म्हणाले, "ते समदं ठीक आहे. खंडारे म्हनजे कोनते तुमी?"

सभागृहात कोणी खोकललं. नत्थुजीने जमिनीकडे पाहिलं. दीक्षाने टेबलावरचा ओला कागद बाजूला केला.

"बौद्ध," ती म्हणाली. "अमरावतीच्या. आता सुटाचं काही विचारायचं आहे का?"

महादेवरावांनी तिच्याकडे पाहिलं, ती त्यांच्याकडे बघत राहिली. मागून बंडू उठला. तो अजून वाळलेलाच दिसत होता. "मले विचारायचं आहे," तो म्हणाला. "टोपी जरा मोठी करता येते का? मानेवर उघडं राहते."

"येते," दीक्षा म्हणाली आणि मान मोजायला टेप काढला.

मागणी मिळाली, अर्धी आगाऊ रक्कम मिळाली. महादेवरावांनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. नवं शेड झालं नाही. पण दिवाळी झाल्यावर बायांची राहिलेली मजुरी गेली, आणि गेलेल्या तिघींपैकी एक परत आली.

पुढच्या जूनमध्ये पियुषचा फोन आला. दुकानांत लोक तिचे सूट मागत होते, म्हणाला. झालं गेलं विसरून पुन्हा सुरू करता येईल.

"देते ना," दीक्षा म्हणाली. "रोखीनं. पाकिटावर माहं नाव राहीन, कॉलरमधात माहा नंबर. प्रणालीच उचलीन फोन."

"बाबांना विचारून सांगतो."

"विचारा," ती म्हणाली. बाहेर धामणगावला माल नेणारा टेम्पो लागला होता आणि ड्रायव्हर घाई करत होता. तिने फोन खिशात टाकला आणि गठ्ठ्याला हात लावायला गेली.